काकांचा किस्सा मी अर्धाच सांगितला होता

नमस्कार दादा, अनुभवच मोठा म्हणणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची कमेंट वाचली तेव्हा आधी राग आला, म्हणून उत्तर द्यायला चार दिवस लावले. "स्वतःच्या भिंतीवर बीई मेकॅनिकल टांगून लोकांना अनुभवच मोठा म्हणून सांगणं सोपंय, माझा भाऊ १४ वर्षं भोसरीत व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) चालवतोय, अजून ऑपरेटरच आहे" असं तुम्ही लिहिलंय. आता यावर काय बोलणार, खरंच आहे ते. उलट लेखात मी काकांचा किस्सा सोयीपुरताच सांगितला होता, तो आता पूर्ण करतो.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी, मी नवीन लागलेला ट्रेनी, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा १०० मिमीचा बोअर (आतलं गोल भोक), आमच्याकडे मशीनवर मापला की ओके आणि कस्टमरकडे गेला की अंडरसाइज, रिजेक्ट! दोन दिवस मी ऑफसेट बदलतोय, इन्सर्ट बदलतोय, प्रोग्राम बघतोय, आणि आमचे आयटीआयवाले काका चहाचा कप धुता धुता म्हणाले, "साहेब, गरम जॉब मापताय तुम्ही, जरा निवू द्या की." संपला विषय. जॉब म्हणजे मशीनवरचा तो भाग, गरम असताना फुगलेला, निवला की बोअर लहान. ॲल्युमिनियम मीटरला दर डिग्रीमागे साधारण २३ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, म्हणजे १०० मिमीला दहा डिग्रीत २३ मायक्रॉन, आणि आमचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, ३५ चा. हेच गणित मी परीक्षेत सोडवून मार्क घेतले होते हो, पण बोअर गेज हातात असताना डोक्यात आलं नाही ते नाहीच.

लेखात इथेच थांबलो होतो. पुढचं असं की कस्टमरला रिपोर्ट पाठवायचा होता, इंग्रजीत, कारण, आकडे, उपाय सगळं. तो मी लिहिला. त्यात काकांचं नाव नव्हतं. मी सहा महिन्यांत कन्फर्म झालो आणि काका रिटायर झाले तेव्हाही ऑपरेटरच होते. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना जास्त टोचतंय.

पण म्हणून "आधी डिग्री, बाकी सगळं नंतर" हे तुमचं वाक्य काही पटत नाही. काकांनी टोकलं नसतं तर माझं गणित पेपरातच राहिलं असतं. आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना तुम्ही अपवाद म्हणून उडवून लावलंत, पण डिग्री नसली तरी ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत मशीनचं ड्रॉइंग शिकले होते, व्हीजेटीआय या मुंबईच्याच तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते, आणि मुलाला, म्हणजे शंतनुरावांना, त्यांनी एमआयटीला पाठवलं (कोथरूडच्या नव्हे, अमेरिकेतल्या). म्हणजे हे "शिक्षण की अनुभव" भांडण आपलंच, त्यांचं नव्हतं.

भावाने आयटीआय केलंय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. केलं असेल तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, अर्थात शिफ्ट करून घरी आल्यावर परत पुस्तक उघडायचं हे मी इथे खुर्चीत बसून सांगतोय, ते तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. तोवर निदान रिपोर्ट कसा लिहायचा ते त्याला शिकवतो, काकांना शिकवलं नाही ते. रविवारी भोसरीला येऊ शकतो, चहा तुमच्याकडे. जुना एखादा रिजेक्शनचा कागद असला तर त्याला काढून ठेवायला सांगा.