पहिला पावसाळा कुणी काढायचा?

गावाकडच्या नव्या घराची वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला उरकायची की कार्तिकी एकादशी उलटू द्यायची, एवढंच नान्याला विचारायचं होतं. पण डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या आमच्या कट्ट्यावर ‘एवढंच’ असं काही नसतं. प्रश्न विचारून तो चहा सांगायला वळला आणि तेवढ्यात इकडे दोन पक्ष पडलेसुद्धा.

घर रत्नागिरीतल्या लांज्याजवळ, गावठाणाला लागून. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, वर स्लॅब. आतलं प्लास्टर नुकतंच आटोपलंय, रंगवाला ॲडव्हान्स मागतोय. नान्याच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे, त्यामुळे आधी वहिनी जाऊन राहणार आणि हा शनिवार-रविवार जोडून ये-जा करणार. चातुर्मासात गृहप्रवेश करत नाहीत, म्हणजे पावसाच्या आत तरी घुसा नाहीतर थेट नोव्हेंबर.

सिव्हिल पहिला उखडला. त्याचं खरं नाव आता त्यालाच आठवत असेल. सिव्हिल इंजिनियर, जन्म ठाण्याच्या साइट्सवर गेला. “डोकं फिरलंय का तुझं? प्लास्टर आत्ता झालंय. अठ्ठावीस दिवसांत काँक्रीटला ताकद येते असं पुस्तकात लिहिलंय, पण ओल जाते असं कुठेही लिहिलेलं नाही. स्लॅबवर आळी करून पाणी धरलंत, भिंतींवर पाइप मारलात, ते पाणी गेलं कुठे? भिंतीतच आहे. त्यात तिकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर हवाच ओली, घर वाळणार कधी? एक पावसाळा रिकामं राहू दे. नोव्हेंबरात रंग मार आणि मग राजासारखा जा.”

“रिकामं?” मंग्या म्हणाला. तो राजापूरकडचा. शिमगा आणि गणपती न चुकवणारा, दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजरने उभ्याने जाणारा. “कोकणात बंद घर पावसाळ्यात ठेवून बघितलंयस कधी? ऑगस्टात कुलूप काढलंस की आधी वास येतो, मग वाळवीची माती दिसते आणि कोपऱ्यात फुरसं असेल तर तेही दिसतं. चूल पेटत नाही, दारं उघडत नाहीत, पंखा फिरत नाही, मग ओल जाणार कशाने?”

“खिडक्या उघड्या ठेवायच्या.”

“आणि झड आत येऊ दे? कुणाला सांगशील, पाऊस आला की बंद कर आणि उघडला की उघड म्हणून? शेजारच्या काकूंना?”

इथे सिव्हिल जरा गप्प झाला. पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता, हे म्हणायला हवं. ओल्या भिंतीवर इमल्शन रंग मारला की आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. दिवाळीपर्यंत फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि क्षार फुलून भिंत पांढरी होते. नान्याला रंगवाल्याने “वॉटरप्रूफ आहे, गॅरंटी देतो” असं सांगितलं होतं. बाहेरून पाणी आत येणार नाही याची ती गॅरंटी. आत अडकलेल्या पाण्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

मग नान्याने मोबाइलवर घराचे फोटो दाखवले आणि वाद मुहूर्तावरून घराच्या तोंडावळ्यावर गेला.

मंग्याने फोटो मोठा करून बघितला. “पश्चिमेला काय आहे?”

“बेडरूम. व्ह्यू आहे ना तिकडे.”

“छज्जा?”

“दीड फुटाचा.”

“आणि खिडकी स्लायडिंगची.” मंग्याने फोन परत दिला. “मेलास.”

याबाबतीत मी पूर्ण मंग्याच्या बाजूचा आहे. चाकरमानी गावात घर बांधतो म्हणजे बहुतेक वेळा डोंबिवलीतला फ्लॅट उचलून भाताच्या खाचरात ठेवतो. कोकणात पाऊस वरून कमी आणि नैर्ऋत्येकडून आडवा जास्त येतो. जुन्या घराला वाऱ्याच्या अंगाला पडवी असायची, कौलं भिंतीच्या पुष्कळ बाहेर यायची, आणि मृगाच्या आधी झड्या, म्हणजे झड अडवणारे झावळ्यांचे आडोसे, बांधल्या जायच्या. पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून काढला तेव्हा मऊ, हवेवर राहिला की टणक होतो, पण पाणी पिण्याचं थांबवत नाही. त्याला पाण्यापासून लांब ठेवायची सगळी व्यवस्था छपराने करायची, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. आपण सपाट स्लॅब टाकतो, खिडकी भिंतीच्या तोंडाशी बसवतो आणि मग स्लायडिंगच्या पट्टीत पाणी साचून गादी भिजली की गवंड्याला शिव्या घालतो. दोन पावसाळ्यांनी स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. लांज्यापासून कुडाळपर्यंत रस्त्याने जाताना बघा, स्लॅबवर पत्रा नसलेली नवी घरं शोधावी लागतील. तो पत्रा म्हणजे आधी नको म्हटलेलं छप्पर, फक्त दुप्पट खर्चाचं.

“म्हणूनच म्हणतो,” मंग्या म्हणाला, “याच पावसाळ्यात राहायला जा. गळतंय कुठून, हे पाऊस पडत असतानाच कळतं. नोव्हेंबरात गेलास तर भिंतीवर फक्त डाग दिसेल. पाणी स्लॅबमधून आलं, खिडकीतून आलं की चिऱ्याच्या सांध्यातून, ते कोण सांगणार? कॉन्ट्रॅक्टर?”

सिव्हिल अनिच्छेनेच हसला. “कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, साहेब, ते दमट हवेमुळे आहे.”

“तूच म्हणत असशील.”

“मीच म्हणायचो,” सिव्हिल म्हणाला. त्यानंतर त्याचा सूर बदलला. जायचंच तर रंग आणि फर्निचर दोन्ही थांबव, ही त्याची अट. आतून पहिल्या वर्षी साधा चुना मार; भिंतीतली वाफ त्याच्यातून निघून जाते. प्लायवूडची कपाटं भिंतीला चिकटवून ठोकलीस तर मागे बुरशी धरेल. लोखंडी कपाट ने, तेही चार बोटं पुढे ओढून ठेव. पहिल्या मोठ्या पावसात खडू घेऊन फिर, ओल दिसेल तिथे खूण कर, तारीख टाक. “आणि कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता दिवाळीपर्यंत दाबून ठेव. हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.”

वकील एवढा वेळ फक्त बिस्किटं खात होता. तो वकील नाही, वकिलाकडे कारकून आहे, पण कट्ट्यावर तेवढं चालतं. “मीटर कुणाच्या नावावर आहे?”

“बांधकामाचं तात्पुरतं कनेक्शन आहे.”

“आणि ग्रामपंचायतीत घराची नोंद?”

“आठ-अ आहे ना माझ्याकडे.”

वकिलाने कपाळाला हात लावला. “अरे, आठ-अ तलाठ्याकडचा, तुझ्या जमिनीचा. घराचा तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, ज्यावर घरपट्टी लागते. तो काढला नाहीस तर कायमच्या मीटरला काय जोडणार आहेस?” मग त्याने गावठाणाला लागून जमीन आहे म्हणून ती आपोआप घरासाठी अकृषिक झाली असं धरून चालू नकोस, कागद हातात घे, हे सगळं सांगितलं. सातबारा सामाईक आहे म्हटल्यावर तर तो उठून बसला. चुलत्यांची संमती तोंडी होती. तोंडी संमती घर उभं राहीपर्यंतच टिकते, असं त्याचं अनुभवाचं मत. यावर कुणीही वाद घातला नाही.

विहिरीचा विषय टपरीवाल्या अण्णांनी काढला. शोषखड्डा कुठे घेतलाय, एवढंच त्यांनी विचारलं. नान्या म्हणाला, मागच्या अंगाला, विहिरीपासून तीसेक फुटांवर. सिव्हिल म्हणाला, निदान 18 मीटर पाहिजे, म्हणजे जवळजवळ साठ फूट. आणि जांभ्यात भेगांतून पाणी कुठल्या कुठे धावतं, तिथे त्याहून लांब असलेलं बरं. नान्याचा चेहरा उतरला. छज्जा वाढवता येतो, खिडकी बदलता येते. हा खड्डा मात्र आत्ता मे महिन्यातच हलवायला हवा. माझ्या मते त्या संध्याकाळी निघालेली कामाची गोष्ट ही एकच. मुहूर्ताबिहूर्ताचं नंतर बघता आलं असतं.

पण मुहूर्तावर परत यावंच लागलं, कारण मंग्याला गणपतीचं विचारायचं होतं. नव्या घरात वेगळा गणपती आणणार का? नान्याच्या मनात होतं. मंग्या म्हणाला, पहिल्याच वर्षी चूलही वेगळी आणि गणपतीही वेगळा केलास, तर चुलत्यांची ती तोंडी संमती त्याच दिवशी संपली समज. मूळ घरी जा, आरतीला उभा राहा, पाच दिवस तिथेच जेव. शिमग्याला मात्र आधीच मानकऱ्यांच्या कानावर घाल, ग्रामदेवतेची पालखी नव्या अंगणात यावी म्हणून. पालखी आली, ओटी भरली, गाऱ्हाणं घातलं की मग ते घर गावाच्या हिशेबात धरलं जातं.

“नमुना 8 च्या आधी की नंतर?” वकिलाने विचारलं.

“आधी. नमुना 8 ला ग्रामसेवक लागतो, याला अख्खा गाव.”

वहिनींचं मत काय, हे विचारायचं राहिलंच होतं, आणि ते मी विचारलं. त्या तिथे एकट्या राहणार. जुलैतली रात्र, लाइट गेलेली, छपरावर पाऊस, आणि आम्ही इथे चहा पीत त्यांचा मुहूर्त ठरवतोय. नान्या म्हणाला, ती जायला तयार आहे, तिची फक्त एकच अट होती, मीच ती लांबणीवर टाकत होतो. मागच्या दाराला पडवी हवी. कपडे कुठे वाळत घालू, लाकडं कुठे ठेवू, पावसात भांडी कुठे घासू, असं तिने प्लॅन बघतानाच विचारलं होतं. प्लॅन काढणारा इंजिनियर म्हणाला एलेव्हेशन, म्हणजे घराचं बाहेरून दिसणारं रूप, बिघडेल.

“मागचं दार कुठल्या दिशेला?” मंग्याने विचारलं.

“पश्चिमेला. बेडरूमच्या शेजारी.”

सिव्हिलने अण्णांकडून पेन मागून घेतलं आणि बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर पश्चिमेची भिंत काढली. पडवी आठ फुटांची, बेडरूमच्या खिडकीवरूनही पुढे नेलेली, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी (जीआय) पाइपचा सांगाडा, वर कौलं परवडत नसतील तर पत्रा. मृगाच्या आत होईल, म्हणाला, फेब्रिकेटर तालुक्याच्या गावातलाच घे. कौलं की पत्रा यावरून मंग्या आणि तो पुन्हा जुंपले. नान्या तोवर कॉन्ट्रॅक्टरला फोन लावून शोषखड्ड्याचं सांगत होता, आणि रंगवाल्याला नको म्हणून कोण कळवणार, हे घरच्या ग्रुपवर टाकत होता.