देवमाशाची छाती म्हणजे पाणबुडी नव्हे

तो फॉरवर्ड या आठवड्यात तिसऱ्यांदा आला, मग म्हटलं लिहूनच टाकू. दावा असा की देवमाशाच्या बरगड्या पोलादासारख्या, तो छाती भरून हवा घेतो, बरगड्या आणि श्वासनलिका मिळून दाब अडवतात, आणि त्याला डायव्हर लोकांसारखा बेंड्सचा त्रास (खोलातून वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) कध्धीच होत नाही.

बरगड्यांचं आधी बघू. दर १० मीटरला साधारण १ वातावरण दाब वाढतो आणि क्युव्हियर्स बीक्ड व्हेल हा चोचीसारख्या तोंडाचा देवमासा २९९२ मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे, म्हणजे वरच्यापेक्षा ३०० पट दाब, तिथे कसलं हाड अडवणार? अडवायची गरजही नाही. रिकामा पत्र्याचा डबा चेपतो, पाण्याने गच्च भरलेली पिशवी चेपत नाही, तसंच अंगातलं मांस-रक्त दबत नाही, दबते ती फक्त हवा. म्हणून छाती दबू द्यायचीच सोय आहे, बऱ्याच बरगड्या पुढच्या हाडाला जोडलेल्याच नसतात. अमेरिकन नेव्हीचा टफी नावाचा डॉल्फिन होता, त्याचे ३०० मीटरवर काढलेले फोटो १९६९ मध्ये छापून आले, त्यात छाती सरळ आत गेलेली दिसते! आणि तो मजेत वर आला.

श्वासनलिकेबद्दल मात्र अर्धं खरं आहे. आपल्या नळीच्या कड्या मागून उघड्या असतात, यांच्या बहुतेक बंद, आणि कूर्चा पार बारीक फांद्यांपर्यंत जाते. पण ती दाब अडवायला नाही हो! वायुकोश, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, आधी मिटतात, त्यातली हवा या टणक नळ्यांत ढकलली जाते आणि तिथून नायट्रोजन रक्तात जवळजवळ जात नाही. शोलँडर या शास्त्रज्ञाने हे १९४० मध्येच मांडलं होतं. अजून खोल गेलं की नळीही चपटी होते, वेडेल सीलची (हा देवमासा नव्हे, पण तसाच खोल बुडणारा सागरी प्राणी) तर बरीच.

छाती भरून हवा? वेडेल सील आणि एलिफंट सील उलट श्वास सोडून बुडी मारतात. ऑक्सिजनचा साठा रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रोटीनमध्ये. स्पर्म व्हेलचं मांस त्यानेच काळपट दिसतं, आणि केंड्र्यू या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये प्रोटीनची रचना पहिल्यांदा उलगडली तीही याच मायोग्लोबिनची.

राहिलं ते 'कध्धीच'. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदलाचा सराव चालू असताना बीक्ड व्हेल किनाऱ्याला लागले, तपासलेल्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे सापडले. सोनारच्या (पाण्याखाली आवाज सोडून शोध घेणाऱ्या यंत्राच्या) आवाजाने बिथरून त्यांची बुडी मारायची पद्धत बिघडली असावी, असं संशोधकांचं म्हणणं.