कलाकारांचं घर कुणाच्या नावावर?

मुंबई-पुण्यात कलाकारांच्या एकत्र राहण्याचा विषय निघाला की बोलणं लगेच प्रेरणेवर येतं. चित्रकार, गायक, नाटकवाले एका छताखाली आले की नवं काही घडणारच, असं मानलं जातं. जर्मनीत राहून ही चर्चा ऐकताना मला आधी विचारावंसं वाटतं: घर कुणाच्या नावावर आहे?

मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. १९५०-६०च्या दशकांत गायतोंडे, हुसेन तिथे चित्रं काढत, नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या तालमी चालत, रविशंकर सतार शिकवत. याहून मोठी संगत कुठली? तरी जागा गेली, कारण ती कलाकारांच्या मालकीची नव्हती.

इथे जर्मनीत फ्रायबुर्गमधून उभ्या राहिलेल्या 'मीट्सहॉयझर सिंडिकाट' या रहिवाशांनीच चालवलेल्या घरांच्या संघाने यावर तोड काढली. त्यातली सगळीच घरं कलाकारांची नाहीत, पण रचना त्यांना चपखल बसते. प्रत्येक घराची स्वतंत्र कंपनी, भांडवल २५,००० युरो. त्यातले १२,६०० रहिवाशांच्या संघटनेचे, १२,४०० सिंडिकाटचे. भाडं, दुरुस्ती, नवा रहिवासी कोण, हे सगळं रहिवासी ठरवतात. घर विकायचं तर मात्र सिंडिकाटची संमती लागते, आणि ती न देणं हेच तिचं काम. सोडून जाणाऱ्याला घराच्या वाढलेल्या किमतीतला वाटा मिळत नाही. आपल्या सोसायटीत सभासद फ्लॅट बाजारभावाने विकतो, त्यामुळे चित्रकारांनी बांधलेल्या इमारतीत पुढे चित्रकार उरतातच असं नाही.

बँकेच्या कर्जाला मित्र-नातेवाइकांच्या छोट्या कर्जांची जोड असते. धोका तिथेच आहे. बऱ्याच जणांनी एकदम पैसे परत मागितले तर घर अडचणीत येतं. म्हणून परतफेडीच्या मुदती वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात, गंगाजळी राखावी लागते आणि नवे कर्ज देणारे सतत शोधावे लागतात.

राहण्याचे नियमही आधीच लेखी हवेत. झोपायच्या खोलीत रंगकाम नको, टर्पेंटाइनच्या वाफेने डोकं दुखतं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप तापून पेटतात. ती पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकायची. रियाजाच्या वेळा ठरवायच्या. ठरावीक दिवशी सगळ्यांची बैठक हवीच, नाहीतर निर्णय दोघा-तिघांच्या हाती जातात आणि बाकीचे मुकाट्याने घर सोडतात.

महाराष्ट्रात कुणी असं घर उभारणार असेल, तर वकील आणि सीए यांच्यासोबत बसून विक्री रोखू शकणारी बाहेरची संस्था कोणती, हे आधी ठरवावं. तोवर इसार देऊ नये.