सुझाकू सत्तेसाठी फितूर झाला, हा आरोप मालिकेच्या कसोटीवर टिकत नाही

'कोड गियास' या जपानी ॲनिमे मालिकेचा विषय निघाला की सुझाकू कुरुरुगीबद्दलचा एक निकाल ठरलेला असतो. पंतप्रधानाचा मुलगा असून शत्रूची चाकरी पत्करली, बापाला मारलं, मित्राला विकून पद मिळवलं, टोकियोवर बॉम्ब टाकला आणि एवढं करून तत्त्वं मात्र दुसऱ्यांना शिकवली. थोडक्यात, जपानचा सूर्याजी पिसाळ. हा मजकूर थोड्याफार फरकाने इतक्या वेळा शेअर होतो की मालिका न पाहिलेल्यांनाही तो पाठ झाला आहे. मला हा निकाल मान्य नाही. सुझाकू निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्यावर जो गुन्हा लावला जातो, महत्त्वाकांक्षेचा, सत्तेच्या हावेचा, तो त्याने केलेलाच नाही. जे खरे गुन्हे आहेत त्यांच्याकडे मात्र या गदारोळात कोणी बघत नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे. थोडी पार्श्वभूमी सांगतो. सनराईज स्टुडिओची ही मालिका, दिग्दर्शक गोरो तानिगुची. पहिला सीझन 2006 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, दुसरा 2008 मध्ये आला, दोन्ही मिळून 50 भाग. कथेतल्या कालगणनेप्रमाणे 2010 मध्ये ब्रिटानियाचं साम्राज्य जपान जिंकतं, देशाचं नाव पुसून 'एरिया 11' करतं आणि जपानी माणसाला 'इलेव्हन' म्हणू लागतं. सुझाकू हा स्वतंत्र जपानच्या शेवटच्या पंतप्रधानाचा, गेन्बू कुरुरुगीचा मुलगा. आणि त्याचा लहानपणीचा मित्र लेलूश हा ब्रिटानियाचा परागंदा राजपुत्र, जो पुढे 'झीरो' हा मुखवटा घालून बंड करतो.

पहिला आरोप: बापाला मारून त्याने देश शत्रूच्या हवाली केला.

बापाला त्याने मारलं, यात वाद नाही. अधिकृत कहाणी अशी की पंतप्रधानांनी आत्महत्या करून जनतेला शरणागतीचा मार्ग दाखवला. खरी गोष्ट पहिल्या सीझनच्या सोळाव्या भागात माओ या खलपात्राच्या तोंडून उघडी पडते. पण त्या वेळी सुझाकू होता दहा वर्षांचा. गेन्बू शेवटच्या माणसापर्यंत लढायचं म्हणून अडून बसला होता आणि बाप नसेल तर युद्ध थांबेल, एवढंच त्या पोराच्या डोक्यात आलं. यात सत्तेचा हिशोब कुठे आहे? त्या कृत्यातून त्याला मिळालं काय, तर घर गेलं, नाव गेलं, आणि सतराव्या वर्षी तो ब्रिटानियाच्या फौजेत सर्वात खालच्या पायरीवर साधा शिपाई म्हणून उभा आहे. बड्या बापाचा मुलगा म्हणून त्याने कुठे एक दार ठोठावल्याचं दृश्य मला दाखवा.

त्या सोळाव्या भागात माओ आणखी एक गोष्ट बोलतो, आणि माझ्या मते सुझाकूचं सगळं पात्र तिथे उलगडतं. तू लोकांना वाचवायला धावतोस कारण तुला स्वतःला मरायचं आहे, शिक्षा हवी आहे, असा त्या बोलण्याचा आशय. माओ दुष्ट आहे, पण तो मनातलं वाचतो, आणि इथे त्याने चुकीचं वाचलेलं नाही. सुझाकूला नियम का हवेत? कारण नियम मोडून केलेल्या एका कृत्याची फळं त्याने सात वर्षं पाहिली आहेत. वाईट मार्गाने मिळवलेल्या यशाला किंमत नाही, हे त्याचं वाक्य लोक दुसऱ्यांना दिलेला उपदेश म्हणून ऐकतात. तो मुलगा ते स्वतःबद्दल बोलतोय.

दुसरा आरोप: वर चढण्यासाठीच तो ब्रिटानियाच्या सैन्यात गेला.

मग पहिलाच भाग परत बघा. शिंजुकूच्या भुयारात वरिष्ठ अधिकारी त्याला समोरच्या विद्यार्थ्याला गोळी घालायला सांगतो. तो विद्यार्थी म्हणजे लेलूश. सुझाकू नकार देतो आणि स्वतःच गोळी खातो. खिशातल्या घड्याळामुळे वाचतो, ही नशिबाची गोष्ट. त्यानंतर लान्सलॉट या लढाऊ यंत्रमानवात बसून शत्रूचा पाठलाग करताना इमारतीवरून एक बाई लेकरासकट खाली पडते, तर तो पाठलाग सोडून तिला झेलतो. बढतीवर डोळा असलेला सैनिक यातलं एकही काम करत नाही.

चौथा भाग तर या आरोपाला सरळ मोडीत काढतो. राजपुत्र क्लोव्हिसच्या खुनाचं खोटं बालंट त्याच्यावर आलेलं असतं. खून केलेला लेलूशने. झीरो बनून तो सुझाकूला सोडवतो, सोबत ये म्हणतो. सुझाकू नाही म्हणतो आणि पायी चालत पुन्हा कोर्टमार्शलला सामोरा जातो, जिथे त्याच्यासाठी मृत्यू लिहिलेला आहे. कारण? तो पळाला तर इतर इलेव्हन आणि मानद ब्रिटानियन (साम्राज्याचं नागरिकत्व घेतलेले जपानी) यांच्यावर जुलूम वाढेल. ज्यांना हे खुळेपण वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, पण खुळेपण आणि महत्त्वाकांक्षा या एकमेकांच्या उलट टोकाच्या गोष्टी आहेत.

तिसरा आरोप: आतून बदल घडवण्याची भाषा म्हणजे स्वतःची फसवणूक होती, कारण असा बदल कधी होणारच नव्हता.

हा आरोप करणारे एकविसावा आणि बाविसावा भाग विसरतात. राजकुमारी युफेमिया जपानचं विशेष प्रशासकीय क्षेत्र जाहीर करते. त्या क्षेत्रात जपानी माणसाला आपलं नाव परत मिळणार होतं. त्यासाठी तिने सिंहासनावरचा हक्कही सोडला होता. बंद खोलीत तिच्याशी बोलताना खुद्द लेलूश हार मानतो, तिच्यासोबत काम करायला तयार होतो. आणि त्याच क्षणी त्याच्या गियासवरचा, म्हणजे समोरच्याला हवा तो हुकूम पाळायला लावणाऱ्या त्याच्या शक्तीवरचा ताबा सुटतो, सहज बोललेलं वाक्य हुकूम होऊन जातं आणि युफेमिया जपान्यांच्या कत्तलीचा आदेश देते. योजना साम्राज्याने हाणून पाडली नाही. सुझाकूचा मार्ग चुकीचा होता याचा पुरावा म्हणून जी कत्तल दाखवली जाते ती लेलूशच्या तोंडून निघालेली आहे, आणि हे कथेने आपल्याला डोळ्यांसमोर दाखवलं आहे.

इथे सुझाकूच्या बाजूने बोलणारेही एक चूक करतात. आपल्याकडे मवाळ-जहाल वाद सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो, म्हणून सुझाकू म्हणजे गोखले आणि लेलूश म्हणजे टिळक असं मांडून मोकळं होतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात उभं राहून सरकारच्या अंदाजपत्रकाची चिरफाड केली, 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. इंग्रजांचा गणवेश घालून आपल्याच लोकांवर शस्त्र चालवलं नाही. सुझाकूने चालवलं. झीरोच्या 'काळे सरदार' या संघटनेतली, जपान मुक्ती आघाडीतली जी माणसं लान्सलॉटपुढे आली ती जपानीच होती. सतराव्या भागात तर तोडो या जपानी सेनानीच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी करायला तोच उभा असतो. शिवाय त्याच्या योजनेचा पाया कच्चा होता: आधी एका राजकुमारीची मर्जी, नंतर सम्राटाची. 'नाईट ऑफ वन', म्हणजे सम्राटाचा पहिला सरदार, झाल्यावर एक एरिया मागून घेता येतो, तर आपण जपान मागू, हा त्याचा दुसऱ्या सीझनमधला हिशोब. मर्जीने दिलेलं मर्जीने काढून घेता येतं. टीका करायची तर ही करा. ही राजकीय समजेवरची टीका आहे, आणि मला ती पटते.

चौथा आरोप: मित्राला विकून पद मिळवलं.

इथे मी सुझाकूची बाजू घेत नाही. लेलूशच्या गोळीने युफेमिया मेल्यानंतर सुझाकू त्याला पकडून सम्राटापुढे नेतो आणि त्या बदल्यात सम्राटाच्या निवडक सरदारांत जागा मागतो. लेलूश विचारतो, मित्राला विकून वर चढणार? तो हो म्हणतो. सम्राट लेलूशच्या आठवणी पुसत असताना त्याला दाबून धरणारे हात सुझाकूचे असतात. या पात्राचा हा सर्वात काळा प्रसंग आहे. पुढे काळ्या सरदारांतल्या, कैदेत पडलेल्या कॅलनला नशेचं इंजेक्शन देऊन बोलतं करायला तो निघतो आणि ऐनवेळी स्वतःला आवरतो, तेही यातलंच.

पण मग एकच माप दोघांना लावा. लेलूशने सावत्र भावाला, क्लोव्हिसला, समोर बसवून गोळी घातली. नारिताच्या डोंगरावर त्याने घडवलेल्या भूस्खलनात त्याची वर्गमैत्रीण शर्ली हिचे वडील गाडले गेले. दुसऱ्या सीझनच्या एकविसाव्या भागात तो स्वतःच्या बापाला आणि आईला संपवतो. दोघेही सत्ताधीशांचे मुलगे, दोघांच्याही हातांना बापाचं रक्त. एकाला आपण बंडखोर म्हणून डोक्यावर घेतो, कारण कथा त्याच्या डोळ्यांनी सांगितली आहे आणि त्याच्या मनातलं सगळं आपल्याला ऐकू येतं. सुझाकूचं मन बाहेरूनच दिसतं. मालिकेने हे जाणूनबुजून केलं आहे असं मला वाटतं, आणि प्रेक्षक त्यात अलगद अडकले आहेत.

देवळातल्या भेटीचा गैरसमज तर एका वाक्यात सुटतो. कुरुरुगी देवळात लेलूशने गुडघे टेकल्यावर सुझाकूने त्याला पकडून दिलं, असं सर्रास लिहिलं जातं. त्याने लेलूशच्या डोक्यावर पाय दिला हे खरं, पण शेवटी तो त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार झाला होता. माणसं पाठवली होती ब्रिटानियाचा राजपुत्र श्नायझेल याने, सुझाकूच्या नकळत.

पाचवा आरोप: टोकियोवर फ्लेया हा महाविनाशी बॉम्ब त्याने टाकला.

त्याने डागला, पण न डागण्याचा निश्चय करून तो उतरला होता. कॅलनच्या यंत्रापुढे मरण दिसतं तेव्हाही तो ते स्वीकारतो. त्याच क्षणी पहिल्या सीझनच्या अठराव्या भागात शिकिने बेटावर लेलूशने त्याच्यावर लादलेला 'जगत राहा' हा गियासचा हुकूम जागा होतो आणि बोट चाप ओढतं. ज्याला प्रायश्चित्त म्हणून मरण हवं होतं त्याच्यावर जगण्याची सक्ती झाली आणि त्या सक्तीने शहराचा गाभा पुसला. त्याची जबाबदारी एवढीच आणि एवढी मोठी: आपल्यावर असा हुकूम आहे हे ठाऊक असताना तो असलं शस्त्र घेऊन लढाईत गेला. स्वतःला तो याची सूट देत नाही. उलट साधनशुचितेवरची श्रद्धा तिथेच मोडते, आणि तो स्वतः सम्राटाला मारायला निघतो.

शेवटचा आरोप: अखेर झीरो बनून हिरो तोच झाला.

झीरो रेक्विएमची योजना आठवा. लेलूश जगाचा सगळा द्वेष स्वतःवर ओढून घेतो, आणि मेलेला समजला गेलेला सुझाकू झीरोच्या मुखवट्यात येऊन त्याला भर मिरवणुकीत ठार करतो. यापुढे सुझाकू म्हणून जगणं नाही, हीच त्याची शिक्षा, असं लेलूश मरताना त्याला सांगतो. त्या जगाच्या नोंदीत सुझाकू कुरुरुगी कोण, तर देशाशी फितुरी करून आधी सम्राट चार्ल्सची आणि मग जुलमी लेलूशची चाकरी करत मेलेला पंतप्रधानाचा मुलगा. म्हणजे आज जो आरोप फिरतो आहे, तोच. त्या जगातल्या लोकांना मुखवट्याआड काय आहे हे दिसलेलं नाही आणि तो कधी खुलासा करू शकणार नाही. आपल्याला मात्र पन्नासच्या पन्नास भाग दाखवले आहेत.