श्श्श!

परवाच्या रविवारी चर्चमध्ये भर उपासनेत मला 'श्श्श' ऐकावं लागलं. बोलत मी नव्हतो. निदान सुरुवात तरी माझी नव्हती.

ऑर्गन मंद वाजत होता, मी डोळे मिटले होते. मागच्या बाकावरून खांद्याला बोट टोचलं.

"आईचा गुडघा कसा आहे रे?"

मी मान हलवली.

"म्हणजे बरा की वाईट?"

मानेने गुडघा किती समजावणार? "बराय, काकू."

"डावा ना?"

"उजवा."

"मग डावा कुणाचा होता?"

काकूंची कुजबुज ऑर्गनच्या वर एक पट्टी लागते आणि ऑर्गन थांबला तरी उतरत नाही. पाळकसाहेब म्हणाले, "आता शांतपणे आपापली पापं आठवू या." सगळीकडे टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता, आणि काकूंना आठवलं, "अण्णांचा!"

पुढच्या बाकावरचे गृहस्थ गर्रकन वळले. काकूंकडे नाही, माझ्याकडे. "श्श्श!" त्यावर काकू मला म्हणतात, "अरे, उपासना चाललीय."

बरं, वाद घालावा तर शास्त्र दोघांच्याही बाजूने. गृहस्थांकडे बायबलमधलं हबक्कूक २:२०: परमेश्वर आपल्या मंदिरात आहे, साऱ्या पृथ्वीने गप्प राहावं. काकूंकडे शंभरावं स्तोत्र, गजर करायला सांगणारं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी तर आतून प्रेरणा होईपर्यंत मुकाट बसतात. काकूंना ती फारच लवकर होते. पण बायबलमधला त्रोवस गावचा तो तरुण आठवा: प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, हा खिडकीत पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि तो वाचला म्हणून बरं. मागे आमच्या काकू असत्या तर पोराचा डोळा लागला असता का?

पुढे शांतीचं अभिवादन आलं, म्हणजे एकमेकांशी हात मिळवून 'शांती' म्हणायचं. गृहस्थांनी बोटांची टोकं पुढे केली. तोंडाने शांतीच म्हणाले, पण सुरात मघाचा श्श्श शिल्लक होता. काकू तोवर मधल्या वाटेने पार वेदीपर्यंत पोचल्या होत्या.

मला खरा राग याचा नाहीच. आशीर्वाद झाला, आता हवं तेवढं बोला, कोण अडवतंय? तर नेमकी तेव्हाच सगळ्यांना घाई. काकूंना कुकर आठवला. गृहस्थ दारातच फोनवर मोठमोठ्याने कुणाला तरी झापत होते. प्रार्थनेत तोंड आवरत नाही आणि ओळख करून घ्यायच्या वेळी ते उघडत नाही, ही कुठली सहभागिता? पहिल्यांदाच आलेलं एक जोडपं सूचनाफलकासमोर उभं होतं. वाचून संपलं म्हणून बहुधा पुन्हा पहिल्यापासून वाचत होतं.

मी जाऊन नाव विचारलं. बाई दचकल्या, आधी पुढच्या बाकाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "इथे बोललेलं चालतं?"