पावतीवर आईवडिलांचं ग्रीन कार्ड होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: अमेरिकेतल्या मुलानं नागरिकत्वाचा अर्ज भरला की त्या पावतीवरच तिकडं गेलेल्या आईवडिलांचं ग्रीन कार्ड मागता येतं, त्यामुळे मुदत संपली तरी परतू नका. हे साफ चूक आहे. यात म्हातारी माणसं अडकतील, म्हणून लिहितोय.

आईवडिलांसाठी आय-१३० अर्ज (नात्यातल्या माणसाच्या ग्रीन कार्डासाठीची पहिली पायरी) फक्त २१ वर्षं पूर्ण झालेला अमेरिकन नागरिकच भरू शकतो. ग्रीन कार्डवाल्याला तो हक्क नाही. एन-४०० ची, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाची, मुलाखत पास झाली तरी नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत मुलगा नागरिक नव्हे.

राहण्याची मुदत व्हिसावर नाही, आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवर असते. बहुधा ६ महिने. ती उलटल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून परतलात तर ३ वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं प्रवेशबंदी लागू शकते. शपथेनंतर, रीतसर प्रवेश केलेल्या आईवडिलांना तिथूनच आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) भरता येतो, हे खरं. पण कायम राहायचा बेत मनात ठेवून व्हिजिटर व्हिसावर जाणं अंगाशी येतं. माझं स्पष्ट मत, वेळेत घरी या आणि शपथेनंतर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा, म्हणजे कायम राहायला जाण्याचा व्हिसा, घ्या.

तोवर कागद तपासा. मुलाचा जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे आपल्याकडं हमखास असतं. ते आत्ताच निस्तरा. आई आणि वडील, दोघांचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात.