ऐकू येलालंय का बे?

सोलापुरात हेल्मेट घालून घराबाहेर पडलं, की शेजारचे हमखास विचारतात, "कुठं, गावाला निघाला का?" सात रस्त्यावरून नवी पेठेत जायला हेल्मेट म्हणजे अंगणात जायला बॅग भरल्यासारखं. अशा शहरात मी हेल्मेट घालतो, आणि गेल्या महिन्यापासून त्यात एकटाच बोलतोही. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला हळूच रिक्षा पुढं घेतो.

खूळ सिद्धारामचं. त्यानं ब्लूटूथ इंटरकॉम घेतला, म्हणजे हेल्मेटात बसवून चालत्या गाडीवरून दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलायचं यंत्र. दुसऱ्याकडं नसला तर बोलणार कुणाशी, म्हणून मलाही घ्यायला लावला. मी सवलतीत मिळाला म्हणून दुसऱ्याच कंपनीचा घेतला. सगळ्या दुःखाचं मूळ ते.

बसवण्यात एक रविवार गेला. कानाजवळचं अस्तर काढून दोन स्पीकर चिकटवायचे, वायर गादीखाली दडवायची, माइकची दांडी ओठांसमोर आणायची. व्हिडिओतल्या पोरानं हे चार मिनिटांत केलं. माझे स्पीकर आधी बसले गालफडापाशी. तिथं ऐकू काही येत नाही, दाढ मात्र दुखल्यासारखी वाटते. बोटभर वर सरकवले, तर हेल्मेट घालताना कानांची करंजी व्हायला लागली.

मग जुळवाजुळव. बटण दाबून धरायचं, तांबडा-निळा दिवा लुकलुकेपर्यंत. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं जुळवायची तर त्यातल्या एकाला चक्क फसवावं लागतं : समोर इंटरकॉम नाही बाबा, साधा फोनच आहे. माझ्या यंत्रानं सिद्धारामला फोन मानला आणि माझ्या खऱ्या फोनला बाहेर काढलं. फोनला आत घेतलं, की सिद्धाराम बाहेर. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं नाव या तंत्रज्ञानाला दिलंय. त्यानं म्हणे भांडणाऱ्या टोळ्या एक केल्या. केल्या असतील, टोळ्यांना पाच सेकंद बटण दाबून धरायचं नव्हतं.

शेवटी जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही नळदुर्गला निघालो. मार्केट यार्डापाशी कांद्याच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत असताना कानात पहिला आवाज आला.

"ऐकू येलालंय का बे?"

"येलालंय. तुला?"

"मला पण येलालंय की."

यानंतर आम्हाला बोलायला काही सुचेना. पंचवीस वर्षांची दोस्ती. रोज संध्याकाळी पार्क चौकात तास तास बोलतो. पण इथं बोरामणी येईपर्यंत दर दोन मिनिटांनी "ऐकू येलालंय का?" आणि "येलालंय" एवढंच. मधल्या वेळात मला त्याचा श्वास ऐकू यायचा. माणसाला ओळखतो म्हणजे किती ओळखतो! सिद्धाराम गाडी चालवताना घसा खाकरतो, उतारावर गुणगुणतो, आणि आडव्या येणाऱ्या प्रत्येकाला कन्नडमधून बोलतो. हे सगळं माझ्या डाव्या कानात. उजवा स्पीकर तोवर सुटून मानेत उतरला होता.

दिवस उसाचे. दोघांच्या मध्ये उसानं भरलेली ट्रॉली आली, की आवाज तुटायचा. ब्लूटूथच्या रेडिओलहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या, पाणी त्यांना गिळतं, आणि ऊस म्हणजे उभं पाणीच. सोलापूर जिल्ह्यातले साखर कारखाने मोजले, तर आमची दोस्ती गळीत हंगामात टिकणं अवघडच.

वाटेत थांबून कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली. हेल्मेट घातलं तेव्हा कळलं, की तोंडाचा सगळा वास माइकच्या स्पंजात जमा होतो. तो अजून गेलेला नाही. दोनदा धुतला; आता साबण लावलेल्या लसणासारखा येतो.

आणि इटकळच्या अलीकडं माझं मागचं चाक पंक्चर झालं. ज्याच्यासाठी पैसे घातले, तो क्षण हाच. "सिद्ध्या, थांब!" कानात नुसती खरखर. खोक्यावर पल्ला एक किलोमीटर लिहिलाय, पण ते मोकळ्या मैदानातलं. माझ्यापुढं चार ट्रॉल्या होत्या. फोन केला, तर उचलेना. पाऊण तासानं तो परत आला, भडकलेला.

"मी एकटाच बोलायलोय! भावकीतलं वाटणीचं सगळं सांगितलं तुला. म्हटलं, ह्यो बोलंना, आमचंच चुकलं असेल. आपल्याच मनानं चुलत्याला फोन करून माफी मागितली बे!"

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल पाहिला तो एकमेकांशी न बोलता. इंटरकॉम बंद होते म्हणून नव्हे.

सोमवारी संध्याकाळी घरी फोन वाजला. साहेब. उचलला, तर पलीकडं शांतता. नंतर फ्रिजवरून बारीक आवाज आला, "हॅलो? हॅलो?" हेल्मेट कालपासून चालूच राहिलं होतं आणि फोन गुपचूप त्यालाच जाऊन चिकटला होता. घाईत दुसरं काही सुचेना. हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा लावला आणि स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालो, "बोला साहेब."

आई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं.

"कुठं, गावाला निघालास का रे?"

माइक चांगला असावा. साहेब लगेच म्हणाले, "गावाला? रजेचा अर्ज कुठाय तुमचा?"